पन्हळ : एका धर्मशाळेच्या मोजणीच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

सकाळी साडेसहाला निघालो. कामठीत तर्री पोहे खाल्ले, कन्हान ओलांडली आणि मनसरच्या अलीकडे हायवे सोडून गावात शिरलो. सोबत भाचा, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टेप, ओळंबा आणि गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप त्याच्या गळ्यात, बाकीचं ओझं माझ्याकडे.

गाव माझं आजोळ. ग्रामपंचायतीला सभागृह हवं आहे आणि त्यासाठी धर्मशाळेची जागा सगळ्यांना सोयीची वाटते. पाडायची की दुरुस्त करायची हे ठरण्याआधी निदान नीट मोजणी व्हावी म्हणून मी हे अंगावर घेतलं. पैसे नाहीत, पेट्रोल माझं. मामीनं चहा देतानाच बजावलं, "बाई, नकाशा काढ, फोटो काढ, पण कोणाचं नाव कागदावर आणू नको. जागेचं भांडण अजून कोर्टात हाये." म्हणून या नोंदींत गावाचं नाव नाही, माणसांची नाहीत. मामी ती मामी, भाचा तो भाचा.

धर्मशाळा अशी: भरलेली बंडी वळण न घेता आत येईल एवढं रुंद फाटक, आत चौक, तीन बाजूंनी ओसरी, मागे सात खोल्यांची ओळ. छपराला देशी कवेलू, अर्धे फुटलेले. उजव्या भिंतीला लागून बैलांच्या गव्हाणी, डाव्या कोपऱ्यात विहीर. फाटकाशेजारी बाहेरच्या बाजूला एक खोली, ती रखवालदाराची. तिच्यात त्याची नात राहते, साठीच्या पुढची. तिनं आम्हाला पाणी विचारलं आणि मग दिवसभर ओट्यावर बसून आमच्याकडे बघत राहिली.

प्रत्येक खोलीत एक कोनाडा, त्यावर दिव्याची काजळी. सातव्या खोलीत कोनाडे दोन आहेत. का, ते नातीलाच विचारलं. म्हणाली, "ते बाळंतिणीची खोली. एक दिवा विझला तर दुसरा पाहिजे का नाही?"

६ ऑक्टोबर

चौक ४२ फूट बाय ३१ फूट. कर्ण दोन्हीकडून घेतले, सव्वा फुटाचा फरक येतो, म्हणजे चौक काटकोनात नाही. भाच्याला वाटलं टेप चुकली. तीनदा मोजलं. सहाव्या खोलीत गांधीलमाशा आहेत, ती खोली बाहेरूनच घेतली.

विहिरीच्या ओट्यापासून बाहेरच्या भिंतीतून जाणारी एक दगडी नळी दिसली. नकाशावर लिहिलं : सांडपाण्याची मोरी.

१९ ऑक्टोबर

गावात जो तो सांगतो की धर्मशाळा भोसल्यांच्या काळातली. पुढच्या भिंतीच्या खालच्या भागात पातळ, चपट्या विटा आहेत, तेवढ्यापुरतं ते खरं धरता येईल. पण मागच्या दाराच्या वरचा गिलावा पावसाळ्यात पडला आहे आणि आत तुळईच्या जागी लाकूड नाही, लोखंड आहे. भाचा शिडीवर चढला, ब्रशनं घासलं आणि ओरडला, "मावशी, हा रूळ आहे!"

आगगाडीचाच रूळ. पण आजच्यासारखा खाली सपाट तळवा असलेला नाही. वर जसं डोकं, तसंच खाली. सुरुवातीच्या काळात असे दुतोंडी रूळ वापरत. कल्पना अशी की वरची बाजू झिजली की रूळ उलटा करून पुन्हा वापरायचा. प्रत्यक्षात खालची बाजू खुर्चीत, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी बैठकीत, बसून बसून ठेचली जायची, त्यामुळे उलटवलेल्या रुळावरून गाडी खडखडत जायची. मग असे काढलेले रूळ घरांच्या तुळया झाले, कुंपणाचे खांब झाले. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. म्हणजे मागच्या सात खोल्या त्यानंतरच्या.

गंमत अशी की रेल्वेनंच या रस्त्याचा जीव घेतला. नागपूर–शिवनी–जबलपूर आणि तिथून मिर्झापूर, हा दख्खनचा मोठा रस्ता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. महिनेच्या महिने चालणारे तांडे. त्यांना दर मजलेला पाणी, चारा आणि बंद होणारं फाटक लागायचं. रूळ आले, कापूस मुंबईकडे वळला. या फाटकातून मग यायला उरले ते रामटेकचे यात्रेकरू आणि कामठीच्या छावणीला माल पोचवणारे गाडीवान. कापूस गेला तरी सात खोल्या वाढवल्या, याचा अर्थ यात्रेकरू तेव्हा बरेच असावेत.

दुपारी एका काकांनी ठगांची गोष्ट सांगितली. या विहिरीत म्हणे हाडं सापडली होती. नागपूर ते जबलपूर जिथे जिथे जुनी विहीर आहे तिथे तिथे ही हाडं सापडलेली असतात. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं जबलपुरात बसून ठगांचा बंदोबस्त केला हा इतिहास आहे, पण ठग वाटेत ओळख काढून माणसाला गावाबाहेरच्या मुक्कामावर गाठत. बंद फाटकाच्या आत, रखवालदाराच्या डोळ्यांसमोर धंदा करायला ते वेडे नव्हते. काकांना हे सांगितलं नाही. त्यांनी गोष्ट फार छान सांगितली होती.

३ नोव्हेंबर

भाऊबीज, म्हणून मामीकडे मुक्काम. रात्री मामीनं माडीवरच्या पेटीतून एक लांबट वही काढून दिली. लाल खारव्याची बांधणी, आत सगळं मोडी. माझ्या पणजोबांच्या हातचं. आमच्या घराकडे धर्मशाळेचा हिशेब होता हे मला माहीत होतं, पण वही शिल्लक आहे हे नव्हतं. पहिली सात-आठ पानं वाळवीनं सालासकट खाल्ली आहेत.

१५ नोव्हेंबर

आज त्रिपुरी पौर्णिमा. रामटेकला गेलो. अंबाळा तळ्याच्या पायऱ्यांवरून गडावर चढलो, खाली तळ्याकाठच्या देवळांवर दिवे लागत होते. येताना गर्दीत दोन तास अडकलो. पूर्वी लोक हेच अंतर दोन मुक्कामांत चालायचे, पहिला कामठीला आणि दुसरा आमच्या धर्मशाळेत. काम काहीच झालं नाही.

२४ नोव्हेंबर

वही वाचते आहे. मोडीचा वर्ग करून मला आठ वर्षं झाली, सवय मोडली आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पणजोबांचं अक्षर असं की जणू कुणी पाठीमागे लागलं होतं.

पहिल्या रात्री मी शोध लावला की धर्मशाळेत एका महिन्यात १११ शेर तेल जळत होतं. भाच्याला अभिमानानं फोन केला. सकाळी लक्षात आलं की त्या शेवटच्या दोन उभ्या रेघा आकडे नाहीत. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तेल होतं दीड शेर.

खर्चाच्या बाबी त्याच त्या आहेत. तेल, फडे, चुना, विहिरीचा दोर, घागर, कवेलू उलथणी. दर कार्तिकाआधी नवा दोर. आणि रखवालदाराचं देणं : वर्षाचे धान, एक धोतर. नाव कुठेच नाही. तो "धर्मशाळेवाला" आहे. मध्येच एका पानापासून "धर्मशाळेवाल्याची बायको" सुरू होते आणि धोतराच्या जागी लुगडं येतं. नवरा गेला असणार. त्याची नोंद तेवढीच, एक कापड बदललं. पुढे दहा-बारा पानांनंतर ती नुसती "बुढी" होते. पणजोबांचं स्वतःचं नाव मात्र दर पानाच्या डोक्यावर आहे.

एके ठिकाणी गवंड्याला दीड रुपया आणि दगडाला वेगळे पैसे, बाब "पन्हळ बसविणे". छपराच्या दुरुस्तीच्या यादीत टाकलं.

३० नोव्हेंबर

नातीशी आज पहिल्यांदा निवांत बोलता आलं, कारण मी कागद न काढता गेले. तिच्या घराण्याकडे रखवाली किती पिढ्या होती, तर "आजीच्या सासऱ्यापासून". काम काय काय? संध्याकाळी फाटकाला आडणा घालणं, दिवे लावणं, कोण आलं ते बघणं, शिधा हवा असेल त्याला तो दुकानातून आणून देणं, आणि गाडीवानांना पहाटे शुक्र उगवला की उठवणं. भल्या पहाटे निघालं तरच ऊन चढायच्या आत कामठी गाठता येई. तिचा पणजोबा म्हणे नावानं कुणाला हाक मारत नसे, बैलाच्या रंगावरून मारायचा. "ओ कपिला, उठा!" आणि तो गाडीवान उठायचा.

मी विचारलं, धान आणि धोतरावर घर कसं चालायचं? ती हसली. "शेण!" रात्री चौकात जेवढे बैल बांधले जात त्यांचं सगळं शेण रखवालदाराचं. हा हक्क कुठे लिहिलेला नाही, पण कुणी मोडला नाही. तीस-चाळीस बैल असले की सकाळी चार टोपले. त्याच्या गोवऱ्या, आणि त्या गोवऱ्या संध्याकाळी येणाऱ्या यात्रेकरूंनाच पानगे भाजायला विकत. बैलानं खायचं गाडीवानाचं आणि द्यायचं रखवालदाराला. मला हा हिशेब पणजोबांच्या वहीपेक्षा जास्त आवडला.

मोटारी आल्या, बैल कमी झाले, शेण आटलं. तिचे वडील मनसरला मँगनीजच्या खाणीवर कामाला लागले. फाटक आजीनंच सांभाळलं, मरेपर्यंत. नंतर तिथे शाळेचे दोन वर्ग भरले, मग कंट्रोलचं दुकान, मग नुसतं कुलूप.

८ डिसेंबर

गावच्या ग्रुपवर कुणीतरी जुना फॉरवर्ड टाकला : १८६७ च्या सराई कायद्यानुसार देशातल्या कुठल्याही हॉटेलात, पंचतारांकित असलं तरी, कुणालाही फुकट पाणी मागायचा हक्क आहे. सरपंचांनी मला टॅग करून विचारलं, "ताई, खरं का?" म्हणून दिवसभर तो कायदा वाचला. १८६७ चा अधिनियम २२, जेमतेम चार-पाच पानांचा.

फुकट पाण्याचं कलम त्यात नाही. जे आहे ते सगळं सराई सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर. सराईची नोंदणी करा. कुणी साथीच्या रोगानं आजारी पडला किंवा मेला तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवा. खोल्या, ओसऱ्या, गटारं झाडा. सराईत उतरणारी माणसं आणि जनावरं जिथलं पाणी पितात त्या विहिरी, तळी साफ ठेवा. चोरांना आत-बाहेर करायला उपयोगी पडतील अशी झाडं आणि फांद्या तोडा. ठरवून दिलेत तेवढे पहारेकरी ठेवा. दराची पाटी लावा. चुकलात तर वीस रुपयांपर्यंत दंड.

"माणसं आणि जनावरं" हे शब्द वाचूनच कुणालातरी फुकट पाण्याची कल्पना सुचली असणार. मी ग्रुपवर तसं लिहिलं, तिघांनी अंगठा दाखवला आणि संध्याकाळी तोच फॉरवर्ड पुन्हा आला.

नागपूरला रेल्वे आली ते वर्ष आणि हा कायदा झाला ते वर्ष एकच. सरकारला रस्त्यावरच्या सराईची काळजी वाटायला लागली तेव्हाच रस्ता रिकामा व्हायला लागला होता.

२१ डिसेंबर

आजची नोंद सावकाश लिहिते.

भाचा बाहेरच्या भिंतीचा उभा नकाशा घेत होता. तिथून एक म्हातारबाबा सायकल हातात धरून चालले होते. वस्तीतले, बौद्ध. थांबले, कागदात डोकावले, आणि भाच्याला म्हणाले, "काय लिवून राहिला हे?"

"मोरी, आजोबा. सांडपाण्याची."

"ते मोरी नाही होय, बाप्पा." त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. "तिथून आमाले पाणी देत. विहिरीवर जाता येत नव्हतं ना आमाले. आतून बुढी घागर ओते, इकडून आमी ओंजळ धरो. माहा बाप धरे, मीबी धरलो हाये. मी बारका होतो, पुरत नव्हतो, तं बाप उचलून धरे."

मी आतून धावत बाहेर आले. बाबांनी हात नळीच्या तोंडाखाली नेला आणि कोपर वाकवून दाखवलं, कसं धरायचं ते. मग मला म्हणाले, "उन्हाळ्यात पयलं पाणी गरमच येई. दगड तापलेला राहे. पयली ओंजळ सांडून द्यायची."

२२ डिसेंबर

ऑक्टोबरमधली मोजमापं पुन्हा काढली. आणि माझीच मला लाज वाटली, कारण सगळं कागदावर होतं. नळीचं बाहेरचं तोंड जमिनीपासून २ फूट ९ इंचांवर आहे. सांडपाणी कुणी कमरेएवढ्या उंचीवरून सोडत नाही. विहिरीच्या ओट्याचं खरं गटार वेगळंच आहे, खाली, गव्हाणीकडे जाणारं. तेही मीच काढलं होतं. लेव्हल पाइप लावला : आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा पावणेतीन इंच वर. आत तोंडाशी दगड बशीसारखा खोल कोरलेला आहे, ओतलेलं पाणी सांडू नये म्हणून. विहिरीच्या काठावर दोराच्या खाचा तीन बाजूंना आहेत, बोट बुडेल एवढ्या. भिंतीकडच्या चौथ्या बाजूला एकही नाही. त्या बाजूला ओतणारी उभी राहायची.

भाच्यानं गुंडभर पाणी आणलं. मी बाहेर गेले. त्यानं आतून ओतलं. आधी काहीच आलं नाही, मग माती, मुंग्या आणि वाळलेली पानं आली, आणि मग पाणी. दुरून येतं, त्यामुळे कोण ओततंय ते दिसत नाही आणि ओतणाऱ्यालाही कोण पितंय ते दिसत नाही. दिसू नये म्हणूनच ते तसं आहे.

रात्री वही उघडली. पन्हळ बसविणे. आपल्या धर्मशाळेच्या छपराला पन्हळ नाहीच, कवेलूंचं पाणी सरळ चौकात पडतं. ती नोंद मी यादीत चुकीच्या जागी टाकली होती. गवंड्याला दीड रुपया, दगडाचे वेगळे, आणि पानाच्या डोक्यावर पणजोबांचं नाव.

११ जानेवारी २०२५

म्हातारबाबांकडे आणि नातीकडे, दोघांकडे वेगवेगळी बसले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. म्हातारबाबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. उत्तरेकडच्या खेड्यांतून पांढऱ्या कपड्यांतली माणसं दोन दिवस या रस्त्यानं जात होती, बंड्यांतून, पायी. परतताना त्यांच्यातली बरीच जण रात्री इथे पोचली. बाबा म्हणतात, धर्मशाळेचं फाटक उघडं होतं. माणसं सरळ आत गेली, विहिरीवर गेली, स्वतः दोर टाकला. "बुढी खोलीतून भायेर नाही आली. दिवा मात्र होता तिच्या खोलीत."

अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा त्याआधीच्या वर्षी, १ जून १९५५ पासून लागू झाला होता. त्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे शब्द स्पष्ट आहेत, विहिरी आहेत, पाण्याचे नळही आहेत. तो या फाटकापर्यंत पोचला होता का, ते फाटकालाच विचारायला हवं.

बुढीनं मुद्दाम फाटक उघडं ठेवलं का? नातीला हा प्रश्न आवडला नाही. "माही आजी वाईट नव्हती. अन् तुमी म्हणता तशी देवमाणूस बी नव्हती. फाटकाचं बिजागर तुटलं होतं. तुमच्या घरच्यायले सांगून सांगून थकली ते, कोनी सुतार धाडला नाही. लावाले फाटकच धड नव्हतं." मग थोडं थांबून, "पन आडणा तं होता. आडणा ते कधी भुलली नाही."

दोन्ही जशीच्या तशी लिहून ठेवली. फाटकाच्या चौकटीत वरच्या बिजागराच्या जागी खरंच जुन्या लाकडाची ठिगळ आहे, आज बघितली.

२ फेब्रुवारी

शीट क्रमांक ४ पक्की केली. "सांडपाण्याची मोरी" खोडलं. काय लिहायचं यावर भाचा आणि मी कामठीपासून गावापर्यंत भांडलो. त्याला सविस्तर टीप हवी होती. शेवटी लिहिलं : "पन्हळ. विहिरीवर येण्यास मनाई असलेल्यांना आतून पाणी देण्यासाठी बसविलेली." म्हातारबाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली : "मनाई कोनाची, ते बी लिवा." दुरुस्ती करून घेतली : "धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी मनाई केलेल्यांना."

संध्याकाळी शीट मामीला दाखवली. ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती.

"व्यवस्थापक म्हंजे आपलेच ना?"

"आपलेच. पण नाव नको म्हणाली होतीस, म्हणून नाव नाही घातलं."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, वहीतला तो शब्द दाखव. मी पान काढलं. मामीला मोडी येत नाही. तिनं शिरोरेघेखाली बोट ठेवलं आणि मी सांगितलं तिथून तिथपर्यंत सरकवत नेलं. मग विचारलं, "अन् बुढीले त्या वर्षी काय देल्लं?"

मी पुढची ओळ वाचली. एक लुगडं, आणि नवा दोर.